उजवं वळण

शाल्मली खर्डेकरला रोज कोल्हापूरहून कागलच्या कारखान्यात जायला आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर पळवायला एकच दमदार गाडी हवी होती. दोन गाड्या तिने नापसंत केल्या. तिसरी चालवून बघायला ती गाडीच्या कंपनीच्या ट्रॅकवर आली, तेव्हा शेजारी बसलेला विक्रेता निखिलेश म्हणाला, “मॅडम, आता स्टिअरिंग सोडा. ट्रॅक मोडमध्ये ही एका खऱ्या रेसरसारखी स्वतःच पळते.”

गाडी सुटली. पहिल्याच वळणावर गाडीने अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक लावला, आणि शाल्मली चमकली. असा ब्रेक ती स्वतः लावायची. सहा वर्षं ती याच कंपनीच्या ज्या टीमकडून शर्यतीत उतरली, ती टीम तिच्या हातापायांची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवत असे.

पुढच्या उजव्या वळणाआधी गाडी किंचित कचरली.

“हे आमचं खास सेफ्टी फीचर,” निखिलेश कौतुकाने म्हणाला.

शाल्मलीच्या अंगाची लाही लाही झाली. शर्यतीत एका उजव्या वळणावर झालेल्या अपघातानंतर दर उजव्या वळणाला तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून असाच आपोआप उचलला जायचा. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

तिने भर ट्रॅकवर गाडी थांबवली.

“तो रेसर मी आहे,” ती म्हणाली. “माझा वेग विकायला मी सही दिली होती. माझी भीती विकायला नाही. अशा किती गाड्या विकल्यात?”

“चारशे,” तो कसाबसा म्हणाला.

दार आपटून ती उतरली आणि तरातरा मॅनेजरच्या केबिनकडे निघाली.