दीपमाळेपर्यंत

नारळ फुटला होता. सिद्धेशने खोबऱ्याचा तुकडा योगिनीपुढे धरला. तिने घेतला नाही.

"आज गेम बाजारात सोडू नकोस," ती हळूच म्हणाली. "देवळातल्या दीपमाळेचे दिवे फार वेगाने लुकलुकतात. कुणाला तरी फिट येईल."

वाकडच्या त्या छोट्या गेम कंपनीत तपासणीचं काम तिच्याकडे होतं. सिद्धेश तिचा वरिष्ठ. तो हसला.

"अगं, मागच्या गेममध्ये म्हैस छपरावर चढायची. ती आपण खाली उतरवली तर लोक भांडायला आले. तिचे टी-शर्ट घालून फिरतात पोरं. असल्या बगांवरच तर जीव आहे त्यांचा."

"म्हैस वेगळी."

"दोन दिवसांत दुरुस्त करू. आता नारळ फुटलाय, योगिनी. नारळ फोडून कुणी मागे फिरतं का?"

योगिनीने मोबाइल पुन्हा पाहिला. रविवारी तिनेच, कंपनीत कुणाला न सांगता, तळेगावच्या घरी धाकट्या भावाच्या, धनेशच्या कॉम्प्युटरवर गेम घातला होता. दर नव्या गेमच्या वेळी घालायची. दीपमाळेचा भाग तिने तपासला तो आज सकाळी. तेव्हापासून धनेश फोन उचलत नव्हता. तो अजून गेममधल्या पहिल्याच गावात असेल, असं ती मनाला सांगत होती. वरून देवीचं नाव घेत होती.

फोन वाजला. तिने घाईघाईत स्पीकरवरच घेतला.

"ताई, गढी पार! आता देवळात शिरलो. काय अंधार केलाय राव तुम्ही लोकांनी!"

"धनू, बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"का? पुढे बग आहे?" त्याचा आवाज खुलला. "मग तर बघणारच. तुमच्या गेममध्ये बग सापडला नाही तर खेळल्यासारखंच वाटत नाही."

"ऐकलंस?" सिद्धेशने टाळीसाठी हात पुढे केला.

"आई कुठंय, धनू?"

"चाकणला, कंपनीत. फर्स्ट शिफ्ट आहे ना तिची."

योगिनीने सिद्धेशकडे पाहिलं. "लुकलुकत्या उजेडाने फिट येते त्याला. घरी एकटा आहे."

सिद्धेशचा हात तसाच राहिला. मग त्याने फोन ओढून घेतला.

"धनेश, मी सिद्धेश. डोळे मिट. कीबोर्ड सोड."

"अरे, सिद्धेशदादा! मानलं तुम्हाला. एकच मिनिट, दीपमाळ दिसायला लागली..."

फोनमध्ये खुर्ची फरशीवर खरवडल्याचा आवाज आला. काहीतरी जड टेबलावर आदळलं.

"धनू?"

 सिद्धेश फोन कानाशी दाबून उभा होता.

"धनू, बाळा, चालायच्या बटणावरचा हात काढ रे," योगिनी म्हणाली.

फोनमधून पावलांचा आवाज येत होता. गेममधला माणूस देवळाच्या दगडी फरशीवर चालत होता. एका लयीत, न थांबता.