किल्लेदारीणबाईंची हजेरी

सरपंच सुगंधाताई मासिक सभेत चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या खुर्चीत नेहमीप्रमाणे त्यांचा नवरा हिंदुराव बसला होता. "इथं सही कर आणि बिस्किटं आण," तो म्हणाला. वरच्या आळीला नळ द्यायचा ठराव मांडायला तो सहा महिने विसरत होता.

"अहो, आज मी बसू का? ठराव मीच मांडते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तेवढ्यात भिंतीतून किल्लेदारीणबाईंचं भूत आत आलं. चारशे वर्षं गावामागच्या गडावर काढून त्या पार कंटाळल्या होत्या. "खाली बाईचं राज्य आलंय म्हणे. कुठंय ती?"

ग्रामसेवकाने चहाच्या ट्रेकडे बोट दाखवलं.

"अगं बाई! मी पडद्याआडून अख्खा गड चालवला. हुकूम माझा, शिक्का नवऱ्याचा. तुझं कसं?"

"हुकूम यांचा, शिक्का माझा."

"आणि चहा?"

"चहापण माझाच."

किल्लेदारीणबाईंना हे सहन होईना. त्या मटकन खुर्चीत बसल्या. खुर्चीत हिंदुराव होताच. बुडापासून शेंडीपर्यंत गारठलेला हिंदुराव किंचाळत जो पळाला, तो थेट एसटी स्टँडवर थांबला.

सुगंधाताई पुढे झाल्या आणि खुर्चीतल्या भुतातच बसल्या. थोडं गार लागलं, पण सत्काराची शाल होती.

"हे नियमात बसतं का?" एका सदस्याने विचारलं.

ग्रामसेवकाने परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं. "सरपंचाच्या नवऱ्याने खुर्चीत बसू नये, असं लिहिलंय. भुताबद्दल काही नाही. मांडा ठराव, सरपंच मॅडम."