अर्थिंगवरचा अळू

नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या झुंबररावांनी घरावर हौशी रेडिओचा अँटेना उभारला. वीज पडलीच तर जमिनीत उतरावी म्हणून अंगणातल्या खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरून अर्थिंगही केलं. "रोज बादलीभर पाणी हवं, ओल गेली की अर्थिंग कुचकामी," ते आल्यागेल्याला ऐकवायचे. सुमनबाईंनी खड्ड्याकाठी अळू लावताच ते भडकले. "हे शास्त्र आहे, परसबाग नव्हे. उपटून टाक." बायकोनं दुर्लक्ष केलं. मेअखेरीस वळीव कोसळला, वीज अँटेनावरच पडली. पाऊस थांबल्यावर झुंबररावांनी रेडिओ सेट लावला. मनमाडचा मित्र खणखणीत ऐकू आला. हकीकत ऐकून म्हणाला, "पाणी नेमानं घालता वाटतं." झुंबररावांची नजर खड्ड्याकडे गेली. उन्हाळाभर त्यांनी पेलाभरही घातलं नव्हतं. अळूला मात्र रोज बादली मिळाली होती. "मग, उपटू?" दारातून सुमनबाईंनी विचारलं. "नको," ते पुटपुटले, "अजून चार कंद लाव."