एक घर पांढरं

शिवराजच्या हिमरू कारखान्यातला जुना कम्प्युटर बंद पडला होता आणि उद्या नवी शाल मागावर चढवायची होती. नक्षीचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी केलेलं. कम्प्युटर दुरुस्तीला आलेली मोनाली ते नव्या कम्प्युटरवर, लिनक्सवर चालवून बघत होती.

सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावरच्या चौकटीच्या कागदावर वेलबुट्टी नीट उमटली. फक्त मधलं एक घर पांढरं होतं.

तिनं त्यात रंग भरला. फाईल पुन्हा उघडली, तर घर पुन्हा पांढरं.

मग तिनं सगळं काढून सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं आणि कोरं पान अख्खं लाल केलं. त्यातही एक घर पांढरंच राहिलं.

"राहू द्या ताई," मागावरून शिवराज म्हणाला. "आमचे अप्पा एक घर सोडायचेच. नक्षी पुरी करू नाय म्हणायचे. मी भी कधी भरलं नाय."

"मग त्यांनीच सॉफ्टवेअरमध्ये तसं करून घेतलं असेल."

"कम्प्युटर यायच्या लई आधी गेले ते."

मोनाली हसली. तिनं बाण पांढऱ्या घरावर नेला. शिवराजचे दोन्ही हात मागावर होते.

तिच्या तळव्याखालचा माउस हलकेच बाजूला सरकला, शिकाऊ पोराचा हात म्हाताऱ्यानं धाग्यावरून बाजूला करावा, तसा.