धुतलेली वाळू

विद्याश्री गेल्याचा फोन आला तेव्हा राजशेखर मागच्या दारी वाळू धूत होता. नळ जोरात सोडलेला होता. दवाखान्यातून मुलीने, शिवलीलाने, आधी केलेले दोन फोन त्याला ऐकू आले नाहीत. तिसरा ऐकू आला.

बायकोनेच, विद्याश्रीनेच, त्याला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. तिच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी समुद्रातले जिवंत दगड आणि वाळू पार्सलने येणार होती. "आलं की तसंच टाकीत सोडा," ती म्हणाली होती. "धुऊ नका. डोळ्याला दिसत न्हाईत, पण जीव असत्यात त्यात." पण वाळूला वास येत होता. शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं त्याने साचे भरले होते. वाळूत घाण राहिली की कास्टिंगला भोक पडतं. त्याने चाळणी काढली.

फोन का उचलले नाहीत, तर पोरीला त्याने सांगितलं, डोळा लागला होता.

विद्याश्री जाऊन आज एकविसावा दिवस. शिवलीला सकाळीच वारणानगरहून आली होती. शाहूपुरीतला मासे-टाक्यांचा दुकानदार अल्ताफ टाकी बघायला आला होता. टाकीत मासे नव्हते. पाणी तयार झाल्याशिवाय ते सोडायचे नसतात. अल्ताफने काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली. थोड्या वेळाने पाणी गडद हिरवं झालं.

"विष हाय की अजून," तो म्हणाला. "आतापातूर उतराय पायजे होतं. मामा, वाळू नळाखाली धरली न्हाईसा नव्हं?"



"अप्पा कशाला धरत्यात?" शिवलीला म्हणाली. "आईनं तीनदा बजावलंय त्यास्नी. आईचं न ऐकायची टाप हाय व्हय अप्पांची?" ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"धुतली असंल तर सांगा की. लाजायचं काय त्यात?" अल्ताफ म्हणाला. "नळाच्या पाण्यानं वाळूतलं जीव मरत्यात, आन् मेलेली वाळू सडती. आजच उपसून टाकू, दगड तरी वाचंल. न्हाईतर चार दिवसांत त्योबी जाईल."

राजशेखरने टाकीकडे बघितलं. दगडाच्या भोकातून दोऱ्याएवढं काहीतरी पांढरं बाहेर आलं. पाण्यात चाचपडलं. परत आत गेलं.

"मामा?"

"न्हाय," राजशेखर म्हणाला. "धुतली न्हाय."

"मग मलाबी काय कळंना झालंय." अल्ताफने पिशवी आवरली. "आठपातूर दुकानात हाय. काय आठवलं तर फोन करा. आणि ती नळी हितंच ऱ्हाऊ दे, पण भांड्यांत धुऊ नका, औषध वाईट असतंय."

तो गेला. शिवलीलाने हिरवी नळी उचलली.

"ठेव ती. मी धुतो," राजशेखर घाईने उठत म्हणाला.

"बसा ओ अप्पा. एवढ्याशा नळीला दोघं कशाला?"

तिने मागचं दार उघडलं. नळाच्या वर, खिळ्याला, चाळणी टांगलेली होती. जाळीत पांढरी वाळू अडकून सुकली होती. तेवढी धुवायची राहिली होती.