सीटचं माप

हॉटेलच्या जिममधलं मशीन विसरभोळं असलं तरी चालतं, पण सोसायटीच्या जिममधलं आठवणीचं पक्कं हवं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळी उतरवतो. हॉटेलात रोज नवा पाहुणा येतो, सोसायटीत रोज तीच माणसं. म्हणून या सोसायटीत मी नेटला जोडलेल्या सायकली बसवल्या. आपला नंबर दाबला की सीट आपोआप वरखाली होऊन आपल्या उंचीला येऊन थांबते.

वर्षभराने पाहणीला गेलो, तर खिडकीजवळच्या सायकलवर एक उंचपुरे काका पार खाली गेलेल्या सीटवर अंग चोरून बसले होते. पेडल मारताना गुडघे जवळजवळ छातीला लागत होते. मला काही बघवेना.

"अहो काका, गुडघ्यांची वाट लागेल! चुकून दुसऱ्याचा नंबर दाबलात वाटतं."

"चुकून नाही. आमच्या हिचा दाबलाय."

"काकूंचा काकूंना दाबू द्या की! तुम्हाला तुमचा वेगळा काढून देतो, आत्ता होईल."

"माझा आहे रे," काका म्हणाले. पाय थांबले, पण ते उतरले नाहीत.

 

"हिचे कपडे मुलीने वाटून टाकले, चपला मीच देऊन आलो. आता ही सीटच तेवढी रोज हिच्या मापाची होते."