भिंतीवरची मुखपृष्ठं

हेमलताबाईंनी नवाकोरा खंड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. एका गाजलेल्या कॉमिकचे सगळे मासिक अंक त्यात एकत्र बांधले होते. फक्त मुखपृष्ठं गाळली होती. ती सगळी हेमलताबाईंनी रंगवली होती. खंडात त्यांचं नावही कुठं नव्हतं.

प्रकाशन समारंभ सुरू व्हायच्या बेतात होता. त्या तडक प्रकाशक उपळेकरांकडे गेल्या.

"अहो बाई, सलग वाचताना मधेमधे मुखपृष्ठं आली की गोष्टीचा ओघ तुटतो," उपळेकर हसत म्हणाले. "सुट्या अंकांचं वेगळं होतं."

"वेगळं होतंच! दर महिन्याला स्टॉलवर पोरं माझं चित्र बघून अंक उचलायची. त्यावरच चाललात ना इतकी वर्षं?"

"म्हणून तर शोभेला लावलीत सगळी. चला, बसा आता."

सजावटीसाठी हेमलताबाईंकडून मागून आणलेली मूळ चित्रं व्यासपीठामागच्या भिंतीवर ओळीनं टांगली होती. त्या वर चढल्या आणि त्यांनी पहिलं चित्र खिळ्यावरून उतरवलं.

"बाई, पाहुणे बसलेत समोर! हे काय चालवलंय?"

"तुमचा ओघ तुटू नये म्हणून काढतेय."

मग पुढच्या रांगेतली एक बाई उठून वर आली. "हा अंक मी खाऊच्या पैशांतून घेतला होता," असं म्हणत तिनं चित्राची दुसरी बाजू धरली. तिच्यामागून आणखी काही वाचक आले.

उपळेकरांनी खंडाचं प्रकाशन केलं तेव्हा भिंतीवर नुसते खिळे होते, आणि निम्मं सभागृह बाहेर हेमलताबाईंच्या भोवती उभं राहून चित्रं बघत होतं.